फ्रीजखालची शिकार

(दृश्य: सकाळचं स्वयंपाकघर. एक लांब फुटपट्टी फ्रीजखाली सरकते.)

घरात मांजर असेल तर महिन्यातून एकदा फ्रीजखाली फुटपट्टी फिरवून बघावी. पाण्याच्या बाटलीचं बूच निघतं. दोन चिंचोके, लसणीची साल, केसांचं रबर, कागदाचा चुरगळलेला बोळा निघतो. दुकानातून आणलेला गुबगुबीत, मण्यांचे डोळे लावलेला उंदीर मात्र सोफ्याच्या कोपऱ्यात आणला तसा पडून असतो.

ही निवड लहरी वाटते, पण तिला पक्कं कारण आहे. बूच हलकं असतं. पंजाच्या एका टोल्यात ते फरशीवर सरकत जातं, भिंतीला आपटून दिशा बदलतं आणि कुठल्यातरी फटीत शिरतं. जिवंत उंदीर नेमका असाच पळतो. गुबगुबीत उंदीर टोला मारल्यावर जागेवर लोळतो.

(दृश्य: बोका जमिनीला चिकटून बसलेला. कुल्ले डावी-उजवीकडे हलतात. झेप.)

मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, असं आपण म्हणतो. या म्हणीत मांजराचं वागणं चोख पकडलेलं आहे. टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, झेप, पकड, चावा, हा शिकारीचा क्रम आणि खेळण्याशी खेळण्याचा क्रम एकच आहे. पिल्लू साधारण सात-आठ आठवड्यांचं झालं, डोळा आणि पंजा यांचा मेळ बसला, की ते वस्तूंवर हा क्रम घोटायला लागतं आणि जन्मभर सोडत नाही. म्हणून खेळणं निवडताना एकच प्रश्न विचारावा: या वस्तूची शिकार करता येईल का?

मापापासून सुरुवात करू. घरातल्या लहान उंदराचं अंग, शेपटी सोडून, ७ ते १० सेंटिमीटर भरतं आणि वजन साधारण २० ग्रॅम. तोंडात धरून मिरवायच्या खेळण्याला हे माप उत्तम. त्याहून मोठ्या खेळण्याकडे बरीच मांजरं आधी संशयाने बघतात. नुसतं टोलवायचं असेल तर टेबल टेनिसचा चेंडू घ्या. ४० मिलिमीटर व्यास, वजन २.७ ग्रॅम, फरशीवर टकटक वाजतो आणि घशात जाऊ शकत नाही. पिचकला किंवा तडकला की लगेच टाकून द्यायचा, कारण त्याच्या कडा धारदार होतात.

रंगाला फारसं महत्त्व नाही. मांजराला निळा आणि पिवळसर हिरवा बऱ्यापैकी वेगळे दिसतात, लाल मात्र मळकट, करडा दिसतो. लालभडक खेळणी माणसांच्या डोळ्यांसाठी बनवलेली असतात. गडद फरशीवर फिकं खेळणं आणि फिक्या फरशीवर गडद, एवढं पाहिलं तरी पुरे.

(दृश्य: नाकासमोर पडलेला चिंचोका. मांजर तो हुंगत शोधतं, मिशा पुढे वळलेल्या.)

आणखी एक गोष्ट पुष्कळांना कोड्यात टाकते. खोलीच्या त्या टोकाला हललेली पाल मांजराला दिसते, मग नाकापुढचा चिंचोका का दिसत नाही? साधारण वीतभर अंतराच्या आत आलं की मांजराला धूसर दिसतं. तिथे ते मिशा पुढे वळवून चाचपडतं. म्हणून खेळणं तोंडाजवळ नेऊन हलवू नये. तीन-चार हात लांब ठेवावं आणि मांजरापासून दूर पळवावं. कुठलाही उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडावर चालून येत नाही. अंगावर येणाऱ्या खेळण्याला मांजर घाबरतं, आणि आपण म्हणतो, आमचं मांजर खेळतच नाही.

आता काठी आणि नाडी. मांजराच्या खेळण्यांत हिच्या तोडीचं दुसरं काही नाही, कारण खेळण्यात जीव ओतणारा हात मांजरापासून लांब राहतो. बोटं नाचवून पिल्लाला खेळवलं तर सहा महिन्यांनी तेच मांजर पोटऱ्या ओरबाडतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

(दृश्य: हात काठीला नाडी बांधतात.)

काठी ८० ते ९० सेंटिमीटरची, बोटाएवढी जाड. वेताची चालेल, सोललेली निरगुडीची चालेल. टोकाला चाकूने चहूबाजूंनी बारीक खाच पाडायची, म्हणजे गाठ निसटत नाही. त्या खाचेत परकराची सुती नाडी बांधायची, सुमारे पाऊण मीटर. शिवणाचा दोरा, लोकर किंवा नायलॉनची बारीक दोरी नको. त्याचं कारण पुढे येईल. नाडीच्या दुसऱ्या टोकाला जुन्या सुती साडीच्या चार पट्ट्या, दीड सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब, मधोमध गाठीत आवळायच्या. झालं.

आता ही पट्टी कशी हलवायची, यावर सगळं अवलंबून आहे. गोल गोल गरगर फिरवली तर पिल्लं धावतात, जाणतं मांजर दोन मिनिटांत उठून जातं. पट्टी जमिनीवरून सरकवा. थांबवा. नुसतं टोक थरथरवा. मग उंबऱ्यापलीकडे किंवा सतरंजीच्या कडेखाली हळूच ओढून घ्या. अर्धवट दिसेनासं होणं हा शिकाऱ्याला सगळ्यात मोठा मोह. मांजर झेप घ्यायच्या आधी खूप वेळ नुसतं बघतं. त्या वेळी घाई करू नये, कारण ते बघणं हा खेळच आहे. दर तीन-चार झेपांमागे एकदा पट्टी पकडू द्यायची, दातांत धरू द्यायची, ओढाओढ करायची नाही. स्वतःच सोडेपर्यंत थांबायचं.

पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन वेळा, एवढं बहुतेक मांजरांना पुरतं. वेळ शक्यतो पहाटेनंतरची आणि तिन्हीसांजेची, कारण मांजराची शिकारीची वेळ हीच. आणि जेवणाआधी. १९९८ साली सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ या संशोधकांनी दाखवून दिलं, की भुकेलं मांजर जास्त जोमाने खेळतं आणि मोठ्या खेळण्यालाही कमी बिचकतं. जेवून सुस्तावलेल्या मांजरापुढे काठी नाचवून काही होत नाही.

खेळ एकदम थांबवू नये. शेवटच्या दोन मिनिटांत पट्टी दमल्यासारखी करा, लंगडवा, शेवटची पकड पक्की होऊ द्या आणि लगेच वाटीत खाणं वाढा. शिकार झाली, पोट भरलं, आता अंग चाटून झोपायचं. रात्री तीन वाजता पायांवर उड्या मारणाऱ्या मांजरांपैकी कितीतरी या एका बदलाने शांत होतात.

लेझरच्या लाल ठिपक्याची अडचण इथेच आहे. तो पळतो झकास, पण हाती लागत नाही. पंजाखाली काही येत नाही, दाताला काही लागत नाही. २०२१ साली छापून आलेल्या एका सर्वेक्षणात, लेझरने वरचेवर खेळवलेल्या मांजरांमध्ये सावल्यांच्या आणि उजेडाच्या मागे लागण्यासारखी वागणूक जास्त असल्याचं त्यांच्या माणसांनी सांगितलं. लेझर वापरायचाच असेल तर डोळ्यांवर कधीही मारायचा नाही, आणि शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या खेळण्यावर आणून थांबवायचा.

(दृश्य: टोपलीभर खेळणी जमिनीवर. मांजर त्यांच्यावरून चालत निघून जातं.)

खेळण्यांनी भरलेली टोपली आणि कंटाळलेलं मांजर, हे दृश्य ओळखीचं आहे. पडून राहिलेलं खेळणं मांजराच्या लेखी मेलेली शिकार. हॉल आणि ब्रॅडशॉ यांनीच २००२ मध्ये यावरही लिहिलं. तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की मांजर तिसऱ्या वेळेपर्यंत थंडावतं. पण पाचेक मिनिटांनी लगेच वेगळ्या रंगाचं, वेगळ्या वासाचं खेळणं समोर आलं, की जोर परत येतो. म्हणजे मांजराला शिकारीचा नव्हे, त्या एका वस्तूचा कंटाळा आलेला असतो. दहा खेळणी असतील तर तीनच बाहेर ठेवा, बाकीची झाकणाच्या डब्यात. दोन-तीन दिवसांनी अदलाबदल करा. नवीन विकत आणायची गरज क्वचितच पडते.

हाताने शिवलेला उंदीर विकतच्या उंदरापेक्षा सरस असतो, फक्त शिलाई नीट हवी. जुन्या सुती कापडाचा १२ बाय १० सेंटिमीटरचा तुकडा उलटा दुमडून दोन बाजू शिवा. धावदोरा घालू नका, तो एका दातात सुटतो. बखिया घाला, टाके जवळजवळ. सुलटा करून आत कापडाच्या चिंध्या ठासून भरा आणि उघडी राहिलेली बाजूही शिवून टाका. थर्माकोलचे दाणे नकोत, तांदूळही नकोत: शिवण उसवली की हे पोटात जातं. शेपूट म्हणून पाच सेंटिमीटरची रुंद पट्टी, शिवणीतच अडकवलेली. डोळे, मणी, घुंगरू काही लावू नका. मागच्या पायांनी लाथा झाडायची सवय असलेल्या मांजरासाठी मोठ्या माणसाचा सुती मोजा चिंध्यांनी भरून २५ ते ३० सेंटिमीटर लांब करा. पुढच्या पायांनी कवटाळून मागच्या पायांनी सोलायला एवढी लांबी लागते.

(दृश्य: पावसाळ्यानंतरचं सोसायटीचं आवार. कुंडीच्या कडेला उगवलेली खोकली.)

वासाचं खेळणं म्हटलं की सगळे कॅटनिपचं नाव घेतात. तो वाळलेला पाला पुडीत मिळतो, चिमूटभर पुरतो, पाच-दहा मिनिटं मांजर लोळतं आणि मग बराच वेळ त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. साधारण तीन मांजरांमागे दोघांवरच त्याचा परिणाम होतो, लहान पिल्लांवर होत नाही. पण आपल्या दारातही असं एक झाड आहे: खोकली, काही जण कुप्पी म्हणतात. पावसाळ्यात कुंड्यांत आणि भिंतीकडेला आपोआप उगवणारं तण, फुलांभोवती हिरव्या वाटीसारखी पानं. तिचं ताजं उपटलेलं मूळ कितीतरी मांजरांना वेडं करतं. मलय भाषेत तिला ‘अकार कुचिंग’ म्हणतात, म्हणजे मांजराचं मूळ. हे मूळ खायला देऊ नये. धुऊन, जाड कापडात घट्ट बांधून पाच मिनिटं हुंगू द्यावं आणि उचलून ठेवावं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं ऐकायलाच हवं, ते.

(दृश्य: शिवणाचा डबा. रिळाचा दोरा बाहेर लोंबतोय.)

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला दोरा त्या काट्यांमुळे बाहेर पडत नाही, आत सरकत राहतो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं. आतडं मात्र आपल्या परीने दोरा पुढे ढकलत राहतं. मग नेफ्यात ओवलेली नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात, तशा आतड्याला पडतात, आणि ताणलेला दोरा आतडं आतून कापतो. लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं पिल्लू कॅलेंडरवर गोंडस दिसतं, घरात तो खेळ जिवावर बेततो. शिवणाचा दोरा, केसांचं रबर, संक्रांतीनंतर गच्चीत पडलेला मांजा, गणपतीच्या आराशीतल्या चकचकीत झिरमिळ्या, सगळे एकाच जातीचे. पट्ट्यांची काठीसुद्धा खेळ संपला की कपाटात जायला हवी.

तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका. आतलं टोक अडकलेलं असेल तर ओढण्याने आतडं फाटतं. तसंच्या तसं डॉक्टरांकडे न्या आणि त्यांना जिभेखाली बघायला सांगा. वारंवार उलट्या, जेवण बंद, कोपऱ्यात दडून बसणं, ही खूण असेल तर उद्यावर टाकू नका. एक्स-रेमध्ये सुई दिसते, पण दोरा सहसा दिसत नाही. म्हणून रीळ चघळलेलं सापडलं असेल तर ते आवर्जून सांगा.

डांबरगोळीचा धोका वेगळा. कपड्यांच्या कपाटातून घरंगळलेली गोळी टोलवायला छान, गोल, हलकी, आणि मांजराला विषारी. ओट्यावरून पडलेली पॅरासिटामॉलची गोळीही तशीच: एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. घड्याळाचा बटणसेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते. फ्रीजखालच्या सामानात बूच आणि चिंचोके सापडले तर तेही उचला: चघळलेलं बूच तुटतं, चिंचोका गिळला जातो. त्यांच्या जागी टेबल टेनिसचा चेंडू टाका.

चेंडू टाकायची जागाही बघून घ्या. गुळगुळीत फरशीवर झेप घेऊन वळताना मागचे पाय घसरतात, म्हणून खाली चटई हवी. जाळी नसलेल्या गॅलरीजवळ खेळ नको. झेप घेणारं मांजर कठडा मोजत नाही. आणि तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर तिथेच थांबा. कुत्र्याला धाप लागते ती वेगळी. मांजराची धाप वरचेवर दिसली तर हृदय तपासून घ्यावं.

बाहेर मोकळं फिरणाऱ्या मांजरांच्या बाबतीत खेळाचा आणखी एक फायदा आहे. २०२१ मध्ये इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी शिकारी मांजरांच्या घरी पाहणी केली. रोज पाच ते दहा मिनिटं काठीने खेळवलं, तेव्हा मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत २५ टक्के घट झाली. कोकणातल्या अंगणात उंदीर उंबऱ्यावर आणून टाकणाऱ्या मांजरालाही हा उपाय करून बघण्यासारखा आहे.

(दृश्य: उन्हात पसरलेलं म्हातारं मांजर. पट्टी त्याच्या पंजाशेजारून सावकाश सरकते.)

बारा-तेरा वर्षांचं मांजर उठत नाही म्हणून त्याचा खेळ बंद करू नये. सांधे दुखत असतात, शिकारी तोच असतो. पट्टी जमिनीलगत, हातभर अंतरावर, अगदी हळू सरकवा. ते मान वळवेल. शेपटीचं टोक हलेल. मिनिटभर काहीच होणार नाही. तरी काठी खाली ठेवू नका.

(दृश्य: पंजा उचलला जातो, आणि पट्टीवर येऊन टेकतो.)