मूल हाच पुरावा

१८८५ साली सॉल्ट लेक सिटीच्या कोर्टात एक खटला चालला. आरोपी अँगस मन कॅनन, पन्नाशीला आलेला, गावातला मानकरी माणूस. आरोप चोरीचा नव्हता की मारामारीचा नव्हता. सरकारी वकील घरातल्याच माणसांना साक्षीला बोलावून विचारत होते: या खोल्यांत कोण राहतं? त्या खोल्यांत कोण? जेवणघर एक की वेगवेगळं? गृहस्थ जेवायला कुणाकडे बसतात?

माझी सगळी वकिली दिवाणी कोर्टात गेली. वाटणीच्या दाव्यात ‘चूल कधी वेगळी झाली?’ हा प्रश्न मी किती वेळा विचारला असेल याची गणती नाही. घर फुटलं की नाही हे आपल्याकडे चुलीवरून ओळखतात. अमेरिकेतल्या त्या वाळवंटी मुलुखात एका माणसाची कैद चुलींच्या हिशोबावरून ठरली, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवूच शकलो नाही. त्या घराची गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी थोडी ओळख. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात मॉर्मन पंथ स्थापन केला. १८४४ मध्ये इलिनॉयमध्ये जमावानं त्यांना ठार मारलं. मग ब्रिगम यंग यांच्या मागोमाग ही मंडळी बैलगाड्या घेऊन पश्चिमेला निघाली आणि १८४७ मध्ये खाऱ्या सरोवराच्या काठी, आजच्या युटामध्ये, उतरली. तिथे १८५२ साली त्यांनी उघड जाहीर केलं की एका पुरुषानं अनेक स्त्रियांशी लग्न करणं ही आमच्यासाठी देवाची आज्ञा आहे. सगळ्यांनीच तसं केलं नाही. पण पंथातल्या पुढाऱ्यांकडून ते अपेक्षित होतं, आणि अँगस पुढाऱ्यांपैकी एक होता.

त्याचा जन्म १८३४ चा, लिव्हरपूलचा. आईबाप मूळचे आइल ऑफ मॅन बेटावरचे. आत्याचा नवरा जॉन टेलर मॉर्मन प्रचारक होता, त्याच्यामुळे हे सगळं घरच पंथात आलं. १८४२ मध्ये घरदार मोडून ते जहाजावर चढले. आई वाटेत समुद्रावरच गेली. दोन वर्षांनी सेंट लुईसमध्ये वडील गेले. दहा वर्षांचं पोर, आईबाप दोन्ही नाहीत. १८४९ मध्ये थोरल्या बहिणीच्या बिऱ्हाडाबरोबर तो युटात पोचला. या पंथाच्या माणसांना पंथ सोडणं इतकं अवघड का जायचं, याचं उत्तर मला इथे सापडतं. त्या पोराला मायबाप म्हणून उरला तो पंथच.

१८५८ मध्ये त्यानं लग्न केलं. डेलावेअरहून आलेल्या मूस्ली घराण्यातल्या दोन सख्ख्या बहिणी, सारा मरिया आणि अ‍ॅन अमांडा. दोघींशी एकाच दिवशी. आपल्याकडे सवत या शब्दाभोवती केवढं विष साठलेलं आहे ते मी सांगायला नको. इथे मात्र दोन सवती एका आईच्या पोटच्या होत्या. साराची १८५७ च्या प्रवासातली रोजनिशी उरली आहे. लग्नाच्या वर्षभर आधी ही मुलगी गाडीबरोबर माळरान तुडवत आलेली.

१८६१ मध्ये ब्रिगम यंगनी तीनशेच्या वर कुटुंबांना फर्मान काढलं: दक्षिणेला जा, कापूस पिकवा. उत्तर-दक्षिण युद्ध सुरू झालेलं, कापूस बाहेरून मिळण्याची खात्री नाही. कॅनन कुटुंबही निघालं. जागा म्हणजे तांबडी वाळू, अंग भाजणारं ऊन आणि व्हर्जिन नदी. नदीवर बांध घालायचा, पुरानं तो न्यायचा, पुन्हा घालायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. डिसेंबरात लोक पोचले. भिंती उभ्या राहायच्या होत्या, तंबू आणि गाड्यांच्या टपांखालीच संसार. आणि त्याच हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे पाऊस लागून राहिला. त्या दिवसांत, नाताळच्या दिवशी, साराला मुलगा झाला. जॉर्ज. सेंट जॉर्ज या नव्या गावात जन्मलेल्या अगदी पहिल्या मुलांपैकी हा एक. ओल्या चिंध्यांत गुंडाळलेल्या त्या पोराचं सगळ्या वस्तीला काय कौतुक वाटलं असेल! गाव जगणार, याची ती खूण होती. अँगस त्या गावाचा पहिला महापौर झाला.

हा जन्म लक्षात ठेवा. पुढे आणखी दोन जन्म येणार आहेत.

काही वर्षांनी अँगस सॉल्ट लेक सिटीला परतला, पंथाच्या वर्तमानपत्राचा कारभार त्यानं पाहिला, १८७६ पासून शहरातल्या मॉर्मनांचा प्रमुख झाला. १८७५ मध्ये क्लारा मेसन ही विधवा तिसरी पत्नी म्हणून घरात आली. इथवर सरकार पुरतं जागं झालेलं नव्हतं. बहुपत्नीकत्वाविरुद्धचा कायदा १८६२ चा होता, पण खटला उभा करायला लग्न सिद्ध करावं लागे, आणि ही लग्नं पंथाच्या बंद दारांआड लागत. साक्षीदार बोलत नसत, नोंदी मिळत नसत. १८७९ मध्ये जॉर्ज रेनॉल्ड्स या दुसऱ्या एका मॉर्मन माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की श्रद्धा कसलीही असू द्या, आचरणावर कायदा चालणारच. त्यासाठी न्यायमूर्तींनी दाखला दिला तो सतीचा: एखाद्या स्त्रीला नवऱ्याच्या चितेवर जळणं हा धर्म वाटला, तर सरकारनं तिला अडवू नये काय? त्याच निकालात असंही म्हटलं आहे की अनेक बायका करणं ही जवळपास फक्त आशिया-आफ्रिकेतल्या लोकांची रीत. निकाल मला पटतो. ते वाक्य मात्र आजही बोचतं. गोऱ्या माणसाला शिक्षा करताना आधी त्याला आशियात ढकलावं लागलं.

खरी मेख १८८२ च्या एडमंड्स कायद्यात होती. त्यानं लग्न सिद्ध करायची गरजच काढून टाकली. एकाहून जास्त स्त्रियांना बायको म्हणून नांदवणं एवढंच गुन्ह्याला पुरे. मग पुरावा कसला? छप्पर, ताट आणि मूल. विशेषतः मूल.

आता कोर्टात परत येऊ. अमांडा आणि क्लारा एकाच घरात राहत होत्या, पण दोघींच्या खोल्या वेगळ्या, जेवणखाण वेगळं. सारा जवळच दुसऱ्या घरात. अँगस आळीपाळीनं जेवायला बसे. त्याचं म्हणणं असं की कायदा आल्यावर मी घरात सांगून टाकलं, यापुढे शेज नाही. पण जेवूखाऊ घालणं मी कसं थांबवू? लेकरं माझीच आहेत. कोर्टानं हा पुरावा ऐकूनच घेतला नाही. सहा महिने कैद आणि ३०० डॉलर दंड. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं: शरीरसंबंध सिद्ध व्हायला नको, एका छपराखाली दोघी बायका म्हणून नांदतात हे पुष्कळ झालं. (पुढच्या वर्षी त्याच न्यायालयानं, असली अपिलं ऐकायचा अधिकारच आपल्याला नव्हता असं म्हणत तो निकाल मागे घेतला. तोवर अँगसची शिक्षा भोगून झाली होती.)

वकील म्हणून मला सरकारची बाजू कळते. पण एक गोष्ट खुपते. नवऱ्यानं दुसऱ्या बायकांना टाकून दिलं असतं, तर तो कायद्याच्या नजरेत स्वच्छ ठरला असता. ताट वाढणं हा गुन्हा झाला. त्या बायकांना, ज्यांनी वाळवंटात वीस-वीस वर्षं काढली होती, कायद्यानं काहीच देऊ केलं नव्हतं.

आणि हा खटला चालू असताना सरकारला ठाऊक नसलेली आणखी एक पत्नी होती.

मार्था ह्यूज. जन्म १८५७, वेल्समधल्या लँडिडनोजवळचा. १८६१ मध्ये कुटुंब युटाला निघालं. तान्ही बहीण माळरानावर वाटेतच गेली. सॉल्ट लेक सिटीला पोचल्यावर तीनच दिवसांत वडील गेले. मार्था चौदाव्या वर्षी शाळेत शिकवायला लागली, मग छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला. केस आखूड कापायची, पायात पुरुषी बूट घालायची, कारण रोज चालत जायचं असे. त्या पैशातून शिकली. मिशिगन विद्यापीठात भांडी घासून, खोल्या आवरून वैद्यक पूर्ण केलं आणि १ जुलै १८८० ला, बरोबर तेविसाव्या वाढदिवशी, डॉक्टर झाली. तरी समाधान नाही. १८८२ मध्ये फिलाडेल्फियातून आणखी एक पदवी घेतली.

फिलाडेल्फिया म्हटलं की मराठी माणसाला कोण आठवतं ते वेगळं सांगायला नको. आनंदीबाई जोशी पुढच्याच वर्षी त्या शहरात पोचल्या. दोघी भेटल्या नाहीत, तेवढ्यात मार्था निघून गेली होती. पण आनंदीबाईंच्या हाती पदवी पडली मार्च १८८६ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात मार्था कडेवर तान्ही मुलगी घेऊन अमेरिकेतून पळाली. ही दोन पानं मी नेहमी शेजारी शेजारी ठेवून वाचतो.

झालं होतं असं. सॉल्ट लेकमध्ये मॉर्मन स्त्रियांनी डेझरेट हॉस्पिटल काढलं होतं. मार्था तिथली निवासी डॉक्टर, अँगस तिथल्या मंडळावर. ऑक्टोबर १८८४ मध्ये दोघांनी लग्न केलं. ती सत्तावीस वर्षांची, तो पन्नास. लग्न गुप्त. तिच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिलं तर या बाईला कुणी फशी पाडली असेल असं वाटत नाही. तिचा माणसावर जीव होता आणि आज्ञेवर श्रद्धा होती. मला पटो न पटो, तिचं ते तिला पटलेलं होतं. सप्टेंबर १८८५ मध्ये मुलगी झाली, एलिझाबेथ. बाप तेव्हा त्या छपराच्या आणि ताटाच्या गुन्ह्यात अडकलेला.

सेंट जॉर्जच्या पावसात जन्मलेला जॉर्ज आठवा. तेव्हा मूल म्हणजे वस्तीचा उत्सव. चोवीस वर्षांत त्याच घरात मूल म्हणजे बापाविरुद्धचा पुरावा झालं. आणि मार्था नुसती आई नव्हती, बाळंतपणं करणारी डॉक्टर होती. शहरात कुणाच्या पोटी कुणाचं मूल आलं, हे तिला ठाऊक. मार्शल तिला समन्स बजावायला टपलेले. ती साक्षीला उभी राहती तर अँगसबरोबर कितीतरी घरांतले कर्ते पुरुष आत गेले असते. तिनं परदेश पत्करला. इंग्लंड, मग युरोपात इतरत्र, खोट्या नावांनी. नवऱ्याला पत्रं लिहायची तीही खोट्या नावांनी. लेकीचं आजारपण, पैशाची चणचण, आणि मत्सरही. कारण त्याच सुमारास, १८८६-८७ मध्ये, अँगसनं आणखी दोन लग्नं केली. एकूण सहा. खटला, कैद, देशोधडीला लागलेली पत्नी, आणि तरी लग्नं! इथे मी अँगसला माफ करू शकत नाही. श्रद्धेसाठी तुरुंगात जाणं मी समजू शकतो, पण त्या श्रद्धेची किंमत दुसरीनं परमुलुखात बसून मोजायची, हे नाही.

१८८७ च्या अखेरीस ती परतली. त्याच वर्षी आलेल्या नव्या कायद्यानं युटातल्या स्त्रियांचा मताचा हक्क काढून घेतला होता. तो त्यांना १८७० पासून होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसतं. मार्था त्या हक्कासाठी भाषणं देत फिरली. १८९० मध्ये पंथाध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी बहुपत्नीकत्व थांबवल्याचं जाहीर केलं. जानेवारी १८९६ मध्ये युटा राज्य झालं, मत परत मिळालं. राज्याच्या पहिल्या सिनेटचा, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचा, अध्यक्ष झाला साराचा मुलगा, नाताळच्या पावसात जन्मलेला जॉर्ज. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सिनेटची निवडणूक लागली. सॉल्ट लेकमधून अनेक जागा, अनेक उमेदवार. रिपब्लिकन पक्षाकडून अँगस कॅनन. डेमोक्रॅटिक पक्षाकडून डॉ. मार्था ह्यूज कॅनन. ती निवडून आली, तो पडला. अमेरिकेच्या कुठल्याही राज्यातली ती पहिली स्त्री सिनेटर.

सिनेटमध्ये तिनं मुकबधिर आणि अंध मुलांच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, राज्याचं आरोग्य मंडळ उभं केलं. मला सगळ्यांत आवडतं ते तिचं एक साधं विधेयक: दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामकरी बायकांना बसायला काहीतरी द्या. ती स्वतः मोलकरणीचं काम करून शिकली होती, पायांची ठणक तिला ठाऊक होती. एका वार्ताहरानं लग्नाबद्दल छेडलं तेव्हा ती म्हणाली, चार बायका असल्या तर बाईला महिन्यातले तीन आठवडे स्वतःचे मिळतात. हे वाक्य लोक टाळ्यांसाठी सांगतात. मला त्यात चौथ्या आठवड्याची वाट पाहणंही ऐकू येतं.

तिची मुदत अजून संपायची होती आणि १८९९ मध्ये तिला तिसरं मूल झालं, ग्वेंडोलिन. पंथानं ती चाल थांबवल्याला नऊ वर्षं झालेली. ‘मग हे मूल कुठून?’ अँगसवर पुन्हा खटला, १०० डॉलर दंड. त्यानं भरला आणि सुटला. मार्थाचं राजकारण मात्र तिथेच संपलं.

हे घर माझ्या वाट्याला कसं आलं ते सांगायचं राहिलं. कायदा शिकताना १९५१ चा मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी हा निकाल वाचायला लागतो. १९४६ च्या मुंबई कायद्यानं हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला बंदी केली, ती टिकते का, हा वाद. न्यायमूर्ती छागला यांनी ती टिकवली, आणि श्रद्धा वेगळी, आचरण वेगळं हे सांगताना आधार घेतला डेव्हिस विरुद्ध बीसन या १८९० च्या अमेरिकी खटल्याचा. तो खटला मॉर्मनांचा. त्या एका ओळीचा धागा धरून मी मागे गेलो, तो थेट या घराच्या जेवणघरापर्यंत.

अँगस १९१५ मध्ये गेला. मार्था शेवटी लॉस एंजेलिसला मुलाजवळ राहायची, दवाखान्यात रुग्ण तपासायची. १९३२ मध्ये ती गेली. २०२४ मध्ये तिचा पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये बसला. पण तिच्या मनात काय होतं ते विचारायला जावं, तर तिनं आयुष्यभर लिहिलेल्या रोजनिशा नाहीत. तिनं सांगून ठेवलं होतं, माझ्यामागे त्या जाळ. मुलानं आईचा शब्द पाळला.