दुसरा फ्लॅट घेताना हातात किती रोकड हवी?

नमस्कार श्रोतेहो.

भाड्याने देण्यासाठी दुसरं घर घ्यायचं ठरलं की घरात चर्चा होते ती दराची. चौरस फुटाला किती, पाच वर्षांत किती वाढेल. व्यवहार अडकतो मात्र हातात रोकड नसल्यामुळे. फ्लॅट ऐंशी लाखांचा असला तरी त्यातली एक खोली विकून या महिन्याचा हप्ता भरता येत नाही.

समजा, पुणे महापालिकेच्या हद्दीत बांधकाम सुरू असलेला ८० लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्के आहे, म्हणजे ६४ लाख. आपले १६ लाख. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या हिशोबात धरलीच जात नाही. सात टक्क्यांनी शुल्क ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार, वर ५ टक्के जीएसटी ४ लाख. एकूण २५ लाख ९० हजार! १६ लाखांच्या तयारीने निघालेला माणूस इथे वैयक्तिक कर्ज काढतो आणि तिथूनच त्याची ओढाताण सुरू होते. खरेदी केवळ महिलेच्या नावावर असेल, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती जरूर घ्या.

आता पैसे कधी लागतात ते पाहा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. महारेरा या राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या नमुना करारात करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की ४५, सगळे स्लॅब पडले की ७० टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायची असते. स्लॅब भराभर पडतात, तशी मागणीपत्रंही एकामागून एक येतात. शिवाय बँक आधी तुमचा हिस्सा भरून घेते आणि मगच आपले पैसे सोडते. त्यामुळे ‘दिवाळीच्या बोनसमधून भरू’ हा बेत चालत नाही. उशीर झाला तर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधारभूत दर) अधिक दोन टक्के अशा दराने व्याज बसतं. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने बिल्डरला द्यायच्या प्रत्येक हप्त्यातून एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कापायचा आयकर, कापून सरकारकडे भरायची जबाबदारीही खरेदीदाराचीच.

ताबा मिळाल्यावरचं गणित तर अधिक नीट मांडायला हवं. ६४ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं: हप्ता साधारण ५५,५०० रुपये. भाडं २२ हजार धरा, पण वर्षाला अकराच महिन्यांचं. एक महिना भाडेकरू बदलण्यात, रंगकामात जातो. मेंटेनन्स, बिगरभोगवटा शुल्क (घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते), मालमत्ता कर आणि दलाली वजा केली की महिन्याला जेमतेम १४ हजार उरतात. म्हणजे ४१ ते ४२ हजार दरमहा खिशातून. तुमच्या पगारातून घरखर्च भागवून एवढे निघत नसतील, तर तो फ्लॅट तुमच्यासाठी मोठा आहे, असं मी स्पष्टच सांगेन.

राखीव रक्कम सहा महिन्यांच्या हप्ता आणि मेंटेनन्सइतकी, इथे साडेतीन लाखांच्या वर, नेहमी बाजूला असावी. त्यातली एका महिन्यापुरती रक्कम बचत खात्यात ठेवा. बाकीची एका मोठ्या ठेवीत न ठेवता पन्नास-पन्नास हजारांच्या मुदत ठेवींत ठेवा. गरज पडली तर एकच मोडावी लागते. सगळं एका बँकेतही नको. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला हजारच रुपये काढता येत होते. ठेव विमा आज एका बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत आहे. भाडेकरूची अनामत या राखीव रकमेत कधीही धरू नका. ती त्याची आहे आणि तो जाईल त्या दिवशी परत द्यायची आहे.

जास्तीचे पैसे आले तर लगेच कर्जात भरायची घाई नको. एकदा भरलेली रक्कम साध्या गृहकर्जातून परत काढता येत नाही. ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जात मात्र तेच पैसे खात्यात ठेवले की व्याज कमी लागतं आणि हवे तेव्हा काढताही येतात. व्याजदर किंचित जास्त असतो. तरीही ज्यांचं उत्पन्न वर्षभर सारखं नसतं, त्यांनी हाच पर्याय घ्यावा.

घर विकून पैसे उभे करायचे तर काही महिने लागतात, कारण खरेदीदाराची बँक भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), सोसायटीचं ना-हरकत पत्र, तुमच्या कर्जाच्या थकबाकीचं पत्र आणि आधीच्या सगळ्या करारांची साखळी मागते. ताबा घेतानाच त्यातलं भोगवटा प्रमाणपत्र आणि नोंदणीकृत कराराची प्रत मिळवून फाइलला लावा.