छाणी जकातनाक्यावरून

बडोद्याच्या उत्तरेला छाणी जकातनाका आहे. येथे आता जकात कोणी घेत नाही. गुजरातेतील महानगरपालिकांची जकात 2007 साली रद्द झाली, तरी रिक्षावाल्याला आजही हेच नाव सांगावे लागते. या नाक्यावर माल तयार होत नसे की विकलाही जात नसे. शहरात शिरण्याची वाट तिथून जात असे, एवढ्याच कारणाने प्रत्येक मालमोटारीला थांबावे लागे. गेल्या पन्नास वर्षांत सॉफ्टवेअरच्या धंद्यातून ज्यांच्या हाती अफाट संपत्ती आली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी अशीच एखादी वाट हेरली आणि इतरांच्या आधी तिच्या तोंडाशी ते जाऊन बसले.

1980 साली आयबीएम ही संगणकक्षेत्रातील सर्वांत बलाढ्य कंपनी आपला वैयक्तिक संगणक घाईने बाजारात आणू पाहत होती. त्यासाठी लागणारी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम, तिने मायक्रोसॉफ्ट या तेव्हाच्या छोट्या कंपनीकडे मागितली. मायक्रोसॉफ्टकडे ती तयार नव्हती. सिएटलमधील एका लहान कंपनीने लिहिलेल्या सिस्टीमचे सर्व हक्क तिने जुलै 1981 मध्ये 50,000 डॉलर देऊन घेतले. बिल गेट्स यांचे खरे चातुर्य करारात दिसते: आयबीएमला सिस्टीम दिली, पण तीच इतरांना विकण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे राखला. पुढे दुसऱ्या कंपन्यांनी आयबीएमसारखे स्वस्त संगणक काढले, तेव्हा यंत्र कोणाचेही असो, आतली सिस्टीम मायक्रोसॉफ्टचीच राहिली. लोक त्या सिस्टीमचे संगणक घेत, म्हणून प्रोग्राम लिहिणारे तिच्यासाठीच लिहीत. आणि प्रोग्राम तिच्यासाठीच मिळत, म्हणून लोक पुन्हा तेच संगणक घेत. हे रहाटगाडगे एकदा फिरू लागल्यावर, त्याहून सरस वस्तू घेऊन आलेल्यालाही ते थांबवणे जवळजवळ अशक्य झाले. 1998 मध्ये अमेरिकन सरकारने मक्तेदारीचा खटला भरला. जून 2000 मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला, आणि जून 2001 मध्ये वरच्या न्यायालयाने विभाजनाचा तो आदेश रद्द केला. मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा ठपका मात्र त्या न्यायालयानेही कायम ठेवला.

गूगलने हाच धडा मोबाइलवर गिरवला. फोन चालवणारी ॲन्ड्रॉइड ही सिस्टीम उत्पादकांना फुकट मिळते, मात्र प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलचा शोध आणि क्रोम ब्राउझरही फोनमध्ये आधीपासून बसवावे लागत. याच अटींसाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये कंपनीला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे काही निर्देश रद्द केले. अमेरिकेतील खटल्यात तर असे उघड झाले की, फोन आणि ब्राउझर उघडताच आपलाच शोध समोर यावा यासाठी गूगलने 2021 या एका वर्षात 26 अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम इतर कंपन्यांना दिली. नाक्याची जागा किती मोलाची असते, याचा याहून स्पष्ट हिशेब मला ठाऊक नाही.

आता बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याचा हा जिना चढून वर येऊ. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चकल्यांचे डबे गार होत आहेत, आणि शेजारी बसलेल्या काकू फोनवर व्हॉट्सॲपने आलेल्या ऑर्डरी एकेक करून वहीत उतरवून घेत आहेत. नाव, पत्ता, किती किलो, कधी हवे. फोनमध्ये सगळे असते, मग वही कशाला, असे विचारल्यावर त्या म्हणतात, "फोनमधलं फोनमध्ये राहतं हो, वही आपल्या हातात असते."

4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री, घटस्थापना तीन दिवसांवर आलेली असताना, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. तिन्ही एकदम बंद पडले, कारण तिन्ही एकाच मालकाचे होते. फेसबुकने इन्स्टाग्राम 2012 मध्ये एक अब्ज डॉलरांना, तर व्हॉट्सॲप 2014 मध्ये 19 अब्जांना घेतल्याची घोषणा झाली. व्हॉट्सॲपमध्ये तेव्हा सुमारे 55 माणसे काम करत होती आणि ते वापरणारे 45 कोटी होते. फेसबुकच्या (आताच्या मेटाच्या) भांडवलात मार्क झुकरबर्ग यांचा वाटा निम्म्याहून बराच कमी आहे; पण त्यांच्याकडील विशेष समभागांना प्रत्येकी दहा मते असल्याने निम्म्याहून अधिक मते एकट्या त्यांच्या हाती राहतात. जकातीचा दर जाचक वाटला, तर बडोदेकर आपल्या नगरसेवकाला गाठून जाब विचारू शकत होता. दांडिया बाजारातल्या काकूंनी कोणाला गाठावे?

याच कंपनीने भारतात काही निवडक संकेतस्थळे फुकट दाखवण्याची योजना आणली होती. कोणती दाखवायची हे कंपनीच ठरवणार होती, आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा भेदभावी दरांना मनाई केली. बडोद्याच्या माणसाला येथे सयाजीरावांची आठवण होणे साहजिक आहे. 1910 मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला ग्रंथालयांची घडी बसवण्यासाठी बोलावले. त्यांचे ज्ञान घेतले, किल्ल्या मात्र संस्थानाकडेच राहिल्या, आणि ग्रंथालयाचे दार सर्वांना मोफत उघडे झाले.

2016 मध्ये सुरू झालेले यूपीआयही असेच सार्वजनिक आहे. बँकांनी मिळून उभारलेल्या राष्ट्रीय भुगतान निगमाने ही वाट बांधली. तरीही तिच्यावरील पाचांपैकी सुमारे चार व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच ॲपांतून होतात. कोणत्याही एका ॲपकडे 30 टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असा नियम निगमाने 2020 मध्येच जाहीर केला; त्याची मुदत वाढत वाढत 31 डिसेंबर 2026 पर्यंत आली आहे.

जिन्याच्या तोंडाशी एका गिऱ्हाइकाने कोड स्कॅन केला. ओट्यावरच्या छोट्या डब्याने गुजरातीतून रक्कम पुकारली. काकूंनी चकल्यांची पिशवी त्याच्या हाती दिली, आणि वहीत त्या नावापुढे बरोबरची खूण केली.