‘तमस’ बघून लोक पेटतील का?

नमस्कार. आज थेट एका बंद खोलीत जाऊ या. रात्रीची वेळ, दिव्याचा उजेड अपुरा, आणि नत्थू नावाचा माणूस एक डुक्कर मारायला धडपडतोय. ते काही केल्या मरत नाही. ओम पुरींचा घामाघूम चेहरा एकदा पाहिला की डोळ्यांसमोरून हलत नाही. ठेकेदाराने त्याला सांगितलंय, डॉक्टरसाहेबांना हवंय. सकाळी डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं आणि शहर पेटतं.

हे दृश्य ‘तमस’मधलं. गोविंद निहलानींची ही मालिका दूरदर्शनवर लागली जानेवारी १९८८ मध्ये. विषय फाळणीच्या वेळच्या दंगलींचा. मालिका चालू असतानाच मुंबई उच्च न्यायालयात अर्ज आला: हे थांबवा, नाहीतर रस्त्यावर रक्त सांडेल. स्थगिती मिळालीसुद्धा. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. त्यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं: माणूस निरक्षर असला म्हणून त्याला अक्कल नसते असं नाही, माथी भडकवणाऱ्यांचा डाव समोर दिसला की त्यालाही तो कळतो.

पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी फेटाळली. आधार घेतला तो आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयातल्या एका जुन्या निकालाचा. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी तिथे स्वातंत्र्याआधीच म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या मापाने. जिथे तिथे धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे.

मी या निकालाच्या बाजूने आहे. पण ‘तमस’चा प्रेक्षक घरात टीव्हीसमोर बसलेला होता. चित्रपटगृहातली गर्दी वेगळी.

मार्च २०२२ आठवा. ‘द काश्मीर फाइल्स’ पाहून अनेक काश्मिरी पंडित ढसाढसा रडले. आपलं दुःख कुणीतरी पडद्यावर आणलं, ही भावना खरी होती, आणि तिच्याकडे बोट दाखवायचा हक्क मला नाही. पण काही ठिकाणी सिनेमा संपला की कुणीतरी उठून भाषण ठोकायचं, घोषणा व्हायच्या, शेजारचे मोबाइल वर करायचे. रडणारा माणूस एक आणि त्या रडण्यावर भाषण ठोकणारा दुसरा. दोघांना ‘प्रेक्षकांची प्रतिक्रिया’ या एकाच नावाखाली घालू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

आणि सिनेमा आपल्याला कुणाच्या शेजारी बसवतो, हेही बघा. ‘तमस’ नत्थूच्या शेजारी बसवते. ज्याच्या हातून आग लागली आणि ज्याला ते माहीतही नव्हतं, अशा माणसाच्या.

परवा घरी पहिला भाग पुन्हा लावला होता. आत्या बरोबर होती. डुकराच्या दृश्याला तिने मान फिरवली. नंतर मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत एकटक पाहत राहिली. भाग संपला, मी टीव्ही बंद केला, तशी म्हणाली, “त्या नत्थूला आता झोप कशी लागेल रे?”