दोन पिस्तुले, एक मूठ

या चित्रणात पुण्यातील बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवरील टेबलावर दोन पिस्तुले शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. डावीकडचे इटलीच्या पार्दिनी कंपनीचे एसपी मॉडेल आहे आणि उजवीकडचे जर्मनीच्या वॉल्थर कंपनीचे एसएसपी मॉडेल आहे. दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक आहेत, दोन्ही .२२ लाँग रायफल नावाचे काडतूस वापरतात, आणि दोन्हींचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा खाना, मुठीत नसून ट्रिगरच्या पुढे बसते, त्यामुळे मूठ केवळ हाताच्या मापाने घडवता येते. एअर पिस्तूलवरून २५ मीटर स्पोर्ट पिस्तूलकडे वळलेली ही नेमबाज या दोहोंपैकी एक विकत घेणार आहे.

नियमांच्या चौकटीत ही दोन शस्त्रे जवळजवळ जुळी वाटतात. स्पर्धेआधी पंच ज्या पेटीत पिस्तूल ठेवून पाहतात, ती ३०० मिलिमीटर लांब, १५० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर खोल असते. वजन १४०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. मग नळी वर करून ट्रिगरला एक किलोचे वजन अडकवले जाते आणि पिस्तूल सावकाश उचलले जाते. वजन टेबलावरून उचलले गेले पाहिजे, त्याआधी ट्रिगर सुटता कामा नये. आज दोन्ही पिस्तुले या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात उतरली. म्हणजे नियमपुस्तिका निवडीला फारशी मदत करत नाही.

आता चित्रणाचा वेग कमी करून पाहू. गोळी पुढे निघते त्याच क्षणी वायूचा दाब काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीला मागे रेटतो आणि पुंगळी आपल्यामागच्या बोल्टला, म्हणजे नळीमागच्या सरकत्या भागाला, रेटते. बोल्ट मागे जाताना पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे ढकलते आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत सरकते. नळी मात्र जागची हलत नाही. या धावपळीत पिस्तुलाचे तोंड किती उचलले जाते आणि मुख्य म्हणजे ते परत कुठे येऊन थांबते, याकडे पाहावे. मूठ हातात नीट बसली असेल तर पुढची साइट, म्हणजे नेम धरण्याची पट्टी, आपणहून मागच्या साइटच्या खाचेत परतते. ती नीट बसली नसेल, तर प्रत्येक गोळीनंतर नेमबाजाला तिला शोधून आणावे लागते.

आजच्या दिवसातील सर्वांत महत्त्वाची चाचणी एकही गोळी न झाडता झाली, आणि आम्ही ती मुद्दाम पूर्ण दाखवत आहोत. रिकामे पिस्तूल हातात घेऊन नेमबाज हात ४५ अंशांपर्यंत खाली आणते, डोळे मिटते, हात लक्ष्याच्या उंचीवर नेते आणि तेथे स्थिर झाल्यावरच डोळे उघडते. वॉल्थर हातात असताना पुढची साइट सलग चार वेळा खाचेच्या उजवीकडे दिसली. तळहाताखालचा आधार थोडा वर सरकवला, तेव्हा ती मध्याकडे आली, पण पूर्ण मध्यावर नाही. पार्दिनी घेतल्यावर ती पहिल्याच वेळी खाचेत होती. तिच्या मैत्रिणीने हीच चाचणी केली, तेव्हा निकाल नेमका उलटा लागला, कारण तिचा तळहात अरुंद आणि बोटे लांब आहेत. अमुक पिस्तूल श्रेष्ठ असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हे दोन हात शेजारी ठेवून पाहावेत, असे आम्हाला मनापासून वाटते.

हा फरक तीन सेकंदांत उघडा पडतो. स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर असते, सात सेकंद नसते, आणि प्रत्येक वेळी हात खालून वर आणून एकच गोळी झाडायची असते. अशा तीस गोळ्या असतात. साइट शोधण्यात गेलेला अर्धा सेकंद ट्रिगरच्या वाट्यातून कापला जातो, मग बोट घाई करते. लक्ष्यावर पाच-पाच गोळ्यांच्या छिद्रांचे हे दोन पुंजके पाहा.

दुपारी एका पिस्तुलात दोनदा पुंगळी अडकली. काडतुसांचा छाप बदलल्यावर तीच अडचण पुन्हा आली नाही. म्हणून पिस्तूल पारखताना स्पर्धेत वापरायचीच काडतुसे झाडून पाहावीत. पुंगळी अडकली, तर नेमबाजाने पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने धरून ठेवायचे आणि दुसरा हात वर करून पंचांना बोलवायचे असते, हेही या चित्रणात दिसते.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा पर्यायही बाजारात आहे आणि त्याचा सुटण्याचा क्षण फार स्वच्छ असतो. तरीही पहिले पिस्तूल यांत्रिक ट्रिगरचे असावे, असे आमचे मत आहे. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या एअर पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. यांत्रिक ट्रिगर नेमबाजाला स्वतः उघडून समजून घेता येतो.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला कोल्हापूरच्या राही सरनोबतने याच २५ मीटर प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तेव्हा अंतिम फेरीत ३४ गुणांवर बरोबरी झाली होती आणि बरोबरी फोडणाऱ्या दोन जादा फेऱ्यांनंतर (शूट-ऑफ) निकाल लागला. जिथे एका गोळीने पदकाचा रंग ठरतो, तिथे पिस्तूल मात्र बहुतेक घरांत कुणाच्या तरी शब्दावर मागवले जाते, कारण वेगवेगळी पिस्तुले हातात घेऊन पाहण्याची सोय जवळ नसते. जिल्हा रेंजवर अशी दोन-तीन पिस्तुले केवळ पारखण्यासाठी ठेवली, तर एक संच कित्येक वर्षे कित्येक मुलींच्या उपयोगी पडेल.

परवाना, आयातीची परवानगी आणि काही लाखांचा खर्च यांमुळे चुकीची निवड सहज परत करता येत नाही.

आपल्या नेमबाजाने पार्दिनी निवडले आहे. प्रशिक्षक आता मूठ वेगळी करून अंगठ्याच्या बुडाशी पेन्सिलीने खूण करत आहेत. त्यांनी कानस हातात घेतली आहे, अक्रोडाच्या लाकडाचा भुसा टेबलावर पडतो आहे, आणि ती कानस दर दोनदा फिरल्यानंतर मूठ हातात घेऊन डोळे मिटते आहे.