नाक एकीकडे, वाट दुसरीकडे

[दृश्य: मुंबई विमानतळ, पावसाळा. ओल्या धावपट्टीवर पश्चिमेकडे तोंड करून उभं असलेलं विमान.]

मुंबईची धावपट्टी २७. म्हणजे होकायंत्रावर साधारण २७० अंश, पश्चिम दिशा. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, बरेचदा नैर्ऋत्येकडून, म्हणजे उडणाऱ्या विमानाच्या डाव्या अंगाने. जमिनीवर असेपर्यंत चाकं विमानाला मधल्या रेषेवर धरून ठेवतात. चाकं जमिनीवरून सुटली की विमान हवेचं होतं, आणि हवा तर स्वतःच सरकत असते.

समजा, या वाऱ्याचा आडवा जोर २० नॉट आहे, ताशी ३७ किलोमीटर. पायलटनं नाक बरोबर २७० वर धरलं, अंशभरही हलू दिलं नाही. तरी मिनिटभरात विमान धावपट्टीच्या सरळ रेषेपासून सुमारे ६०० मीटर उत्तरेला, वर्सोव्याच्या बाजूला गेलेलं असेल. यात चूक काहीच नाही. नाकाची दिशा म्हणजे हेडिंग, आणि ते त्यानं चोख सांभाळलं.

आता दुसरा पायलट. त्याला धावपट्टीचीच रेषा समुद्रावर पुढे न्यायची आहे. खाडी ओलांडणारा नावाडी जसा होडीचं तोंड ओढीच्या विरुद्ध वळवून धरतो, तसं हा नाक वाऱ्याकडे वळवतो. वेग १६० नॉट असेल तर साधारण ७ अंश. नाक २६३ वर, आणि विमान मात्र २७० च्या रेषेवर सरळ चाललंय. जमिनीवर उमटणारी ही वाट म्हणजे ट्रॅक.

[दृश्य: एअरबस ए३२० विमानाच्या कॉकपिटमधला नकाशाचा पडदा, अगदी जवळून.]

पडद्यावर वरच्या बाजूला अंशांची कमान आहे. तिच्या मधोमध पिवळी उभी रेघ: नाक इथे आहे. तिच्या उजवीकडे, थोडी सरकलेली, छोटी हिरवी चौकट: विमान खरं इकडे चाललंय. या दोन खुणांमधली फट म्हणजे वाऱ्याचा परिणाम. समोरच्या पॅनेलवर एक बटण आहे. ते दाबलं की ऑटोपायलटला हेडिंगऐवजी ट्रॅक सांगता येतो, आणि वाऱ्याचा हिशेब यंत्र स्वतःच करतं.

मग उडाल्यावर धरायचं काय? शिकवताना व्याख्या आधी येतात. माझ्या मते आधी हा प्रश्न यायला हवा: आपल्याला कशापासून लांब राहायचंय?

डोंगर, टॉवर, उंच इमारती जमिनीला खिळलेल्या असतात. वारा कसाही असो, त्या हलत नाहीत. म्हणून उड्डाणानंतरचे छापील निर्गमन मार्ग ट्रॅकवर आखलेले असतात, आणि पायलटनं वाऱ्याची भरपाई करावी हे त्यात गृहीत असतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या दस्तऐवज ८१६८ मध्ये हे स्पष्ट आहे. मार्गाभोवतीचा सुरक्षित पट्टा जमिनीवर मोजलेला असतो. त्यातून वाहवत बाहेर गेलं, तर खाली काय आहे याची हमी कुणीच देत नाही.

दुसरी विमानं मात्र आपल्यासारखीच हवेत असतात. हवाई वाहतूक कंट्रोलर रडारवर पाहून हेडिंग देतो, तेव्हा वाऱ्याचा अंदाज त्यानं आधीच धरलेला असतो. पायलटनं आपल्या मनानं पुन्हा भरपाई केली तर हिशेब दुप्पट होतो. अमेरिकेत ‘रनवे हेडिंग’ची व्याख्याच तशी आहे: धावपट्टीच्या मधल्या रेषेची प्रत्यक्ष चुंबकीय दिशा धरा, वाऱ्याची भरपाई करू नका. धावपट्टी ४ ची खरी दिशा ०४४ असेल, तर ०४० नाही, ०४४ च धरायचं.

[दृश्य: आलेख. दोन समांतर धावपट्ट्या, दोन विमानं, एकच वारा.]

समांतर धावपट्ट्यांवर यातली गंमत नाही, गांभीर्य कळतं. दोन्ही विमानं हेडिंगवर असतील तर साधारण सारखीच वाहतात आणि अंतर टिकतं. एकानं भरपाई केली आणि दुसऱ्यानं नाही, तर तेच २० नॉट दर मिनिटाला ६०० मीटर अंतर खाऊ शकतात. आणि समांतर धावपट्ट्यांवरून एकमेकांची वाट न पाहता उड्डाणं करायला त्या धावपट्ट्यांमधलं किमान अंतर ७६० मीटरचं आहे! शिवाय उडाल्याबरोबर दोघांच्या वाटा साधारणपणे १५ अंशांनी फाकवायचा नियम आहे, तो अशाच कारणांसाठी.

सगळ्यात कठीण प्रसंग इंजिन बंद पडण्याचा. दोन इंजिनांच्या विमानाला एकावर चढताना, चाकं आत घेतल्यावर, किमान २.४ टक्के चढ साधावा लागतो: किलोमीटरला २४ मीटर. त्यात चालू इंजिन नाक एका बाजूला ढकलत असतं. इतक्या कमी उंचीवर समोरचे अडथळे ज्या वाटेसाठी तपासलेत, तीच वाट धरावी लागते. इथे ट्रॅकच.

आणि उड्डाणाच्या परवानगीतले शब्द दोन्हीकडे बसत असतील, तर धावायला लागण्याआधी कंट्रोल टॉवरला विचारायचं: हेडिंग की ट्रॅक? उत्तर यायला काही सेकंद लागतात, आणि ब्रेक तोवर लावलेलेच असतात.