सहा जून, रायगड

[दृश्य : पाचाड. कलती संध्याकाळ. जिजाऊंची समाधी.]

पाच जूनची संध्याकाळ. शिवराज्याभिषेक सोहळ्यासाठी गडावर निघालेली माणसं आधी पायथ्याच्या पाचाडला थांबतात. जिजाऊंच्या समाधीपुढे डोकं टेकवतात आणि मग चित्त दरवाजाची वाट धरतात. ६ जून १६७४ रोजी लेक छत्रपती झाला आणि त्यानंतर अकराव्या दिवशी, १७ जूनला, याच पाचाडात आईसाहेबांनी डोळे मिटले. म्हणून गडावरच्या सोहळ्याची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

[दृश्य : पायऱ्या, अंधार, विजेऱ्यांचे झोत.]

मृग तोंडावर आलेला असतो. मध्येच एखादी सर येते, पायऱ्या निसरड्या होतात, दरीतून धुकं वर चढतं. कुणाच्या खांद्यावर झोपलेलं लेकरू, कुणाच्या हातात भगवा. महादरवाजाच्या बुरुजांमधून आत शिरताना आपोआप घोष उठतो, "जय भवानी, जय शिवाजी!"

पहिला मान शिरकाईचा. ही गडाची देवता. राजांच्या सोहळ्याआधी तिचा गोंधळ घालायचा. दिवट्या पेटतात, संबळ घुमतो, गोंधळी देवीला हाक घालतात. शाहिराची डफावर थाप पडते आणि पोवाड्याच्या पहिल्या 'जी जी रं जी'ला दिवसभराचा शीण कुठल्या कुठे जातो. बरीचशी माणसं त्या रात्री झोपतच नाहीत.

[दृश्य : पहाट. नगारखाना. धुक्यात फडकणारा ध्वज.]

सहा जूनची सकाळ. नगारखान्यापाशी भगवा चढतो. हलगी, घुमकं आणि कैताळाचा ठेका धरून दांडपट्ट्याची पाती फिरू लागतात. पट्टा खेळणाऱ्यांत मुलीही असतात.

[दृश्य : राजसदर. उत्सवमूर्तीवर जलधारा.]

आणि मग राजसदर. सोन्याचं सिंहासन आज इथे नाही. १६८९ साली मुघलांनी गड घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी वाडे पाडले. उरली ती जागा. त्या जागेवरच अभिषेक होतो.

साडेतीनशे वर्षांपूर्वी याच सदरेवर काशीचे गागाभट्ट उभे होते. विधी कित्येक दिवस चालले. राज्याभिषेकाला शास्त्राचा आधार हवा, म्हणून वयाची ४४ वर्षं पूर्ण केलेल्या राजांची आधी मुंज लागली. अष्टप्रधान आपापल्या दिशेला कलश घेऊन उभे राहिले. पूर्वेला मोरोपंत तुपाचा सुवर्णकलश घेऊन, दक्षिणेला हंबीरराव मोहिते दुधाचा रौप्यकलश घेऊन. मस्तकावर छत्र धरलं गेलं. त्या दिवसापासून राज्याभिषेक शक सुरू झाला. स्वतःची कालगणना सुरू करणं म्हणजे आता आम्ही कुणाचे मांडलिक नाही, असं जगाला सांगणंच होतं.

आज उत्सवमूर्तीवर नद्यांचं पाणी पडतं, पंचामृत पडतं, मंत्र चालू असतात. मग होनांचा, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचा, अभिषेक होतो. मूळ होनाच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं होती. मूर्तीवरून होन ओघळतात तेव्हा हजारोंच्या गर्दीतही क्षणभर शांतता पसरते. मग तुताऱ्या फुंकल्या जातात.

हाच सोहळा तिथीनेही होतो, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. ६ जून ही तारीख त्या काळच्या जुलियन दिनदर्शिकेतली. आजच्या दिनदर्शिकेने मोजलं तर तो दिवस १६ जूनला येतो. तिथी की तारीख, यावर वाद घालणारे घालोत. गड वर्षातून दोनदा सजतो, यात आनंदच आहे. २०२१ पासून राज्यातल्या ग्रामपंचायतींतही ६ जूनला 'शिवस्वराज्य दिन' म्हणून स्वराज्यध्वज उभारला जातो.

[दृश्य : पालखी. होळीचा माळ, बाजारपेठ.]

दुपारकडे पालखी निघते. होळीच्या माळावरून, बाजारपेठेच्या जोत्यांमधून जगदीश्वराकडे. पालखीला खांदा मिळावा म्हणून माणसं कितीतरी अंतर सोबत चालतात.

[दृश्य : जगदीश्वराच्या पायरीचा दगड, जवळून.]

जगदीश्वराच्या मंदिरात शिरताना एक पायरी लागते. तिच्यावर हा गड बांधणाऱ्याने आपलं नाव कोरून ठेवलंय : 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर.' जाणती माणसं तिथे वाकून, पायरीला हात लावून तो कपाळी नेतात. मग राजांच्या समाधीकडे वळतात.